उज्वलाने नाव घेतलं

आमच्या नेरूळमध्ये शाळेच्या गाड्या चालवणारे पुष्कळ आहेत. पण गाडीतून उतरल्यावर मुलं ज्याच्या खिडकीशी परत जाऊन काहीतरी सांगतात, असा मला एकच माहीत आहे. हुसेन सयाजी काळंगे. तरुणपणी तो वाशीच्या भाजी बाजारात माथाडी होता. पोती वाहून त्याचा डावा खांदा कायमचा खाली उतरला, तेव्हा त्याने व्हॅन घेतली. पहिलीतलं पोर रडत आलं की त्याला तो आपल्यामागे बसवून सांगायचा, "रस्त्यात म्हशी दिसल्या की मला सांगायचं हां. मला चष्मा लागलाय." सारसोळ्यापासून शाळेपर्यंत म्हैस कुठली दिसायला! पण शोधता शोधता रडं थांबायचं.

हुसेन हे नाव आणि काळंगे हे आडनाव ऐकून नवे पालक जरा थबकत. साताऱ्याकडच्या माणसांना त्यात काही वाटत नाही. त्याची आई वेणूबाई हिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. गावात ताबूत बसायचा, आणि पिराचा मान काळंग्यांच्याच घराण्याकडे. वेणूबाईने नवस केला: हे जगलं तर तुझं नाव लावीन. जगलं. मग नाव हुसेन. मोहरमला आजही ती मलिदा करते, आणि त्याच घरात गणपतीचे मोदकही होतात. यात काही समजावून सांगण्यासारखं आहे, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी ते समजावून सांगायची पाळी आली.

निवडणूक जवळ येत होती. परदेशातून घुसलेल्यांची नावं आपल्या भागातल्या मतदारयादीत आहेत, अशी सभांमधून ओरड सुरू झाली. चौकशी लागली. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हरकतींचे गठ्ठे नेऊन दिले, आणि ज्यांच्या नावांवर हरकत त्यांना नोटिसा आल्या: नागरिकत्वाचे पुरावे घेऊन सुनावणीस हजर राहावे. हुसेनला नोटीस आली तेव्हा तो हसला होता. हसू मावळलं ते आरटीओच्या खिडकीवर. लायसन्सची मुदत संपत आली होती. खिडकीतल्या माणसाने नाव टाकलं, स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, "चौकशीत आहे तुमचं नाव. तिकडचा निकाल आणा, मग नूतनीकरण."

लायसन्स नाही तर व्हॅन नाही. शाळेने स्पष्टच सांगितलं होतं की सुट्टीनंतर चालू लायसन्स दाखवा, नाहीतर दुसरा माणूस बघू.

आळीतल्यांचे अर्ज मीच लिहून देते, म्हणून तो कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. कागद मांडल्यावर घोटाळा दिसला. गावच्या शाळेच्या दाखल्यावर 'हुसेन सयाजी काळंगे'. मतदार ओळखपत्रावर नुसतंच 'हुसेन सयाजी', आडनाव नाही. आणि लायसन्सवर, कुण्या एजंटाने कधीकाळी इंग्रजीत टाइप करताना, सयाजीचं सय्यद करून टाकलेलं.

"हे तुला दिसलं नाही कधी?" मी विचारलं.

"बाई, मी फोटो बघितला. फोटो माझाच हाय."

शाळेचा दाखला एका माणसाचा आणि लायसन्स दुसऱ्याचं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं? कुठूनतरी आलेल्या कुणा हुसेन सय्यदने साताऱ्याच्या काळंग्याचा दाखला पैदा केला, असंही म्हणता येत होतं. त्याच्या हरकतीवर जवळजवळ तेच लिहिलं होतं.

हरकत घेणारा सौरभ खारघरला राहणारा, पक्षाच्या कामात पुढे पुढे असणारा तरुण. वाईट मुलगा नव्हे. आपण कुणाचं नाव काढतोय हे कळल्यावर तो स्वतःच हुसेनच्या घरी आला, आणि चप्पल दाराबाहेर काढून, वेणूबाईच्या पाया पडून बसला.

"सॉरी काका. मला काय माहीत तुम्ही आपले आहात? आमचं पण सातारा. आम्ही यादीतली नावं बघून टिक मारत गेलो. माणसं थोडीच बघितली."

"मग आता पुसा की टिक," उज्वला म्हणाली. उज्वला ही हुसेनची बायको. बोलायला धारदार, कामाला त्याहून. घरचा पोळीभाजीचा डबा ती चालवते.

"नुसती पुसता येत नाही, काकू. कारण द्यावं लागतं. पण टेन्शन नका घेऊ, सोपं आहे." त्याने एक छापील मसुदा पुढे केला. "काकांचं खरं नाव हौसेराव. शाळेत मास्तरांनी ऐकताना चूक केली, हौसेरावचं हुसेन झालं. तेच पुढे सगळ्या कागदांवर चिकटलं. एवढं प्रतिज्ञापत्र करा. मी हरकत मागे घेतो. मॅडम फाईल बंद करतील. नंतर गॅझेटमध्ये नाव बदललं की विषय कट."

वेणूबाई इतका वेळ लसूण सोलत होती. तिने मान वर केली. "कुनाचं नाव हौसेराव?"

"आजी, फक्त कागदावर."

"कागदावर म्हंजी समद्यांत की रं. उद्या ह्याच्या जिवाला काय झालं तर पीर वरनं हाक कुनाला मारायचा? हौसेरावाला? त्यो कोन?"

"आत्या, जिवाला काय होत नाही," उज्वला म्हणाली. "गाडी बंद पडली तर मात्र होईल. नवस तुम्ही फेडलात. आता पोटाचं बघायला नको?"

"दोन पुरली मी. तू न्हाय पुरलीस."

सौरभ चहा न घेताच उठला. त्या दिवसापासून वेणूबाई जेवायला बसली की ताटाभोवती बोट फिरवायची आणि अर्धी भाकरी तशीच ठेवायची. सासूसुनांचं बोलणं तुटलं. हुसेन दोघींच्या मधे बसायचा. त्याचं स्वतःचं मत काय, ते त्या दिवसांत मला त्याच्याकडून काढता आलं नाही. "उज्वला म्हनती ते खरं हाय, बाई. आई म्हनती ते बी खोटं न्हाय," एवढंच.

शेवटी उज्वलानेच प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं. आईला कळू न देता हुसेनने त्यावर सही केली. त्याची सही नेहमी ठसठशीत असते. ही बारीक होती, कोपऱ्यात.

सुनावणीला त्याने उज्वलाबरोबर मलाही नेलं. "तुम्ही बोलू नका काय, नुस्तं बसा." कचेरीच्या व्हरांड्यात बाकं भरली होती. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पुकारा झाला की सगळ्यांच्या माना एकदम वळत. हुसेनने घाम पुसून पुसून रुमालाची वळी केली होती.

आत अधिकारी मॅडम होत्या. मध्यम वयाच्या, पंख्याखाली उडणारे कागद कोपराने दाबून धरायची सवय असलेल्या. शेजारी टाइप करणारा कारकून. समोर सौरभ, अगदी निर्धास्त. मॅडमनी तिन्ही कागद ओळीने ठेवले, त्यांच्याखाली प्रतिज्ञापत्र.

"इथे हुसेन काळंगे. इथे हुसेन सयाजी. इथे हुसेन सय्यद. आणि आता तुम्ही म्हणताय हौसेराव. मी यातलं कोणतं धरू?"

"मॅडम, माझी हरकत मी मागे घेतोय," सौरभ म्हणाला. "हे आपलेच आहेत."

"आपलेच म्हणजे?"

"म्हणजे... साताऱ्याचे."

"हरकत घेताना कशावरून घेतली होतीत?"

"नावावरून."

"आणि मागे कशावरून घेताय? तेही नावावरूनच ना?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "हे अजून दाखल करून घेतलेलं नाही मी. दाखल झाल्यावर खोटं निघालं तर गुन्हा होतो, हे माहीत आहे ना तुम्हाला?" हे त्या हुसेनला म्हणाल्या. हुसेनने मान हलवली; होकार की नकार ते कळलं नाही. मग त्यांनी उज्वलाकडे पाहिलं. "तुम्ही पत्नी? पुढे या. तुमच्या यजमानांचं नाव सांगा."

उज्वला पुढे झाली आणि गप्प उभी राहिली.

"नाव सांगा, ताई."

उज्वलाने पदर सावरला. तिची नजर नवऱ्याकडे गेली, मग टेबलाकडे. कारकुनाची बोटं कीबोर्डवर थांबली. तो मॅडमकडे पाहून हळूच म्हणाला, "बायकोलाच नाव सांगता येईना."

मला माहीत होतं काय होतंय ते. उज्वला हुसेनला 'अहो' म्हणते. चारचौघांत 'यशराजचे पप्पा'. बँकेत, रेशनवर, जनगणनेला आलेल्या माणसासमोर ती दारावरच्या पाटीकडे बोट दाखवते. तिच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि इथे तिच्या न बोलण्याचा अर्थ खोटेपणा असा लागत होता. पण मला न बोलण्याची ताकीद होती.

"काकू, बोला ना," सौरभ कुजबुजला. "हौ—"

"तुम्ही सांगू नका," मॅडम म्हणाल्या. "ताई, शेवटचं विचारते. नाहीतर उत्तर दिलं नाही असं लिहावं लागेल."

उज्वलाने तोंड उघडलं. घरून ठरवून आणलेला शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, 'हौ' असा आकारही झाला. तो पुढे सरकेना. तिने डोळे मिटले, हात जोडल्यासारखे पोटाशी धरले, आणि मांडवात उभी असल्यासारखी मान खाली घालून म्हणाली,

"हुसेनराव."

मॅडम पुढे वाकल्या.

"पुन्हा सांगा."

"हुसेनराव सयाजीराव काळंगे." आता आवाज चढला होता. "मी लग्नात हेच नाव घेतलंय. एकदाच घेतलंय. दुसऱ्याच माणसाचं नाव कसं घेऊ मी?"

कारकुनाने टाइप केलं आणि विचारलं, "हुसेन एवढंच ना, मॅडम?"

"राव लिहा. त्यांनी सांगितलं तसं लिहा." मग त्या हुसेनकडे वळल्या. "आता हे प्रतिज्ञापत्र? द्यायचंय का?"

सौरभ हाताने खुणा करत होता, द्या द्या. कागद दिला असता तर बायको खोटी ठरली असती. न दिला तर गाडी उभी राहणार होती. हुसेनने टेबलावर हात टेकले, उतरलेला खांदा जमेल तितका सरळ केला आणि कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"न्हाय द्यायचं. माझं नाव चुकल्यालं न्हाय."

"मग ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत, याची खात्री मला गावाकडून मागवावी लागेल. शाळा, तलाठी. तोवर निकाल नाही. निकाल नाही तर लायसन्सही नाही."

"किती दिवस, मॅडम?"

"ते माझ्या हातात नाही."

सौरभ आमच्याआधी बाहेर पडला. "एवढं करून दिलं होतं," असं तो फोनवर कुणालातरी सांगत होता.

व्हरांड्यात आल्यावर उज्वला बाकावर बसली. "मी सगळं घालवलं. ठरलं होतं ते मला म्हणता आलं नाही."

"परत म्हण की एकदा," हुसेन म्हणाला.

"काय?"

"तेच. राव लावून."

"गप बसा. लोकं बघतायत."

लोक खरंच बघत होते. दार उघडं होतं, बाहेर सगळं ऐकू आलं होतं. बाकाच्या टोकाला शिरवण्याच्या बेकरीतले चाचा बसले होते. सौरभच्याच गठ्ठ्यातली त्यांच्या नावावरची हरकत. पुढचा पुकारा त्यांचा होता. त्यांचा जन्म इथला, बोलणंही इथलंच. ते उज्वलाला म्हणाले, "ताई, नाव झकास घेतलंत. आमच्या घरातलीनं माझं घेतलं ना, तर राव कुठून आणायचा?"

उज्वला हसायला गेली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. हुसेन मात्र हसला नाही. तो चाचांकडे बघतच राहिला, आणि त्यांचा पुकारा झाल्यावर, आपलं काम संपलं असूनही, ते बाहेर येईपर्यंत थांबला.

पुढचे दिवस कठीण गेले. सुट्टीनंतर शाळेने गाडी दुसऱ्याला दिली. नवा चालक चांगला आहे, वेळेवर येतो. हुसेन परत बाजारात जाऊ लागला. ओझी उचलायला नव्हे, ते त्याच्याने होत नव्हतं, गाड्या लावून द्यायला. कपडे धुतलेले असूनही त्याच्या अंगाला कांद्याचा वास येई, असं उज्वला कौतुकाने की रागाने सांगायची. वेणूबाईला प्रतिज्ञापत्राचं कुणी सांगितलं नाही. पण सुनेने कचेरीत काय म्हटलं ते मात्र कुणीतरी सांगितलं असावं. एक दिवस ती स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून सुनेच्या ताटात टाकत म्हणाली, "खा. लई बोललीस." मग दोघींनी भांडी एकत्र घासली.

गावाकडून उत्तर यायला पावसाळा अर्धा सरला. मधल्या काळात मतदान होऊन गेलं. यादीतलं नाव 'निर्णय प्रलंबित' म्हणून तसंच राहिलं होतं, त्यामुळे त्याला मत देता आलं. पण केंद्रावर कागद पुन्हा पुन्हा उलटे करून पाहिले गेले, आणि तो घामेजून बाहेर आला. मग निकाल आला: व्यक्ती एकच, हरकत फेटाळली. लायसन्स नवं झालं. त्यावर सय्यद नाही, सयाजी आहे. शाळेची गाडी काही परत मिळाली नाही. आता तो बाजारातून उपनगरांत भाजी पोचवणारा टेम्पो चालवतो. जुनी मुलं रस्त्यात दिसली की ओरडतात, "हुसेनकाका, म्हैस!"

चाचांच्या फाईलचा निकाल अजून लागलेला नाही. त्यांच्या तारखा पडतच असतात, कधी साहेब नसतात, कधी फाईल नसते. ज्या दिवशी तारीख असेल त्या दिवशी हुसेन भाजी लवकर टाकून शिरवण्याला जातो आणि त्यांना टेम्पोत पुढे बसवून कचेरीत आणतो. मागच्या खेपेला शिपायाने त्याला ओळखलं.

"काय काळंगे, तुमचं झालं ना? आता कशाला येताय?"

"बसायला," हुसेन म्हणाला, आणि चाचांच्या शेजारी जागा करून घेतली.