सातवीतली अणुचाचणी
घाटकोपरच्या आमच्या मराठी शाळेत दर शनिवारी माहितीपट दाखवायचा, ही माझीच टूम. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजातून प्रोजेक्टर मागून आणायचा, हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगायच्या आणि इंग्रजी निवेदन मी उभ्या उभ्या मराठीत सांगायचं. एकदा रीळ आलं ते अणुचाचण्यांच्या इतिहासाचं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बजावलं, "एक जरी मूल घाबरून घरी गेलं ना, तर तुमचे हे शनिवार बंद." मी पडले हट्टी. म्हटलं, बघू.

पडद्यावर आधी वाळवंट पेटलं, मग समुद्र. बेटावरच्या माणसांना घरदार सोडायला लावून होडीत बसवलं, तेव्हा दर मे महिन्यात कोकणात गावी जाणारी पोरं चुळबुळली. मी सांगत होते, "ही पहिली चाचणी. ही त्याहून मोठी चाचणी. ही पाण्याखालची." हळूहळू सातवीचा वर्ग इतका चिडीचूप झाला की मलाच धडकी भरली. कुठून ही दुर्बुद्धी सुचली! शनिवार तर जाणारच, शिवाय पोरं झोपेत दचकणार ती माझ्यामुळे.

दिवे लागले. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी उठली. दोन्ही चाचणी परीक्षांत ती गणितात नापास होती आणि वार्षिक परीक्षेचं नुसतं नाव निघालं की ती दप्तर आवरायला लागायची.

"बाई, इतक्या चाचण्या घेतल्या. मग यांची वार्षिक कधी?"

कुणीही हसलं नाही. काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं वाटलं, पण तिच्याकडे बघून ते जमेना.

"ती झाली तर कुणीच पास होणार नाही गं," मी म्हटलं.

"मग रद्द करायची ना! सोप्पंय!"

"रद्द! रद्द!" अख्खा हॉल ओरडायला लागला. गिरण्यांच्या संपात बापांच्या घोषणा ऐकलेली पोरं ती, आवाजाला काय तोटा! मोठ्या बाई धावतच आल्या. झालं, लागली वाट, असं मी धरूनच चालले.

"कोण घाबरलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, बाई," ती मुलगी म्हणाली. "वार्षिक रद्द झाली."

"कुणी केली?"

"आम्ही!"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. खिडकीवरची सतरंजी उतरवायला त्यांनी स्वतःच हात घातला.

"पुढच्या शनिवारी जरा हळू ओरडा," त्या म्हणाल्या.