ज्याचा शब्द त्यानं सांगावा

करडी गावच्या जागेश्वर सुतारांनी उभ्या आयुष्यात किती बैलबंड्या बांधल्या, ते त्यांनाही ठाऊक नाही. वाटेनं जाणाऱ्या चाकाची खटखट ऐकून, डोळे मिटून सांगायचे, बंडी कोणाची ते. मागच्या पोळ्यानंतर लकव्यानं त्यांचा उजवा हात नेला आणि जीभ जड केली. तेव्हापासून बायको गोदावरीबाईच त्यांची जीभ झाली. त्यांनी ‘पा’ म्हणायचा अवकाश, पाणी पुढं. ‘च’ म्हणताच चहा. तिच्या मायेत काडीची खोट नव्हती. फक्त आठ महिन्यांत नवऱ्याचा एक शब्द पुरा झाला नव्हता.

तुमसरच्या कॉलेजात शिकवणारी, गावचीच हर्षा बंडीच्या भागांची नावं टिपायला आली. धन्याची फजिती होईल म्हणून गोदावरीबाई तिला दारातूनच परतवणार होती. पण जागेश्वर काठी टेकत अंगणातल्या जुन्या बंडीजवळ जाऊन बसलेसुद्धा.

हर्षानं चाकाच्या मधोमधच्या तुंब्यावर बोट ठेवलं. नाव गोदावरीबाईनं सांगितलं. आऱ्यांचंही तिनंच. मग दोन्ही चाकं ज्यावर फिरतात त्या लोखंडी दांड्यावर बोट आलं. जागेश्वरांचे ओठ थरथरले. ‘आ...’

‘आस,’ दोघी एकदमच बोलल्या. हा संस्कृतातला ‘अक्ष’, हजारो वर्षं घासत घासत आपल्या तोंडी आस झाला, असं हर्षानं कौतुकानं सांगितलं.

जागेश्वरांनी काठी भिरकावली. डोळे भरून आले होते. ज्या वस्तूवर पन्नास वर्षं हात चालवला, तिचं नाव त्यांना दुसऱ्यांनी सांगावं? गोदावरीबाईला कळून चुकलं. अर्धी वाचा लकव्यानं नेली होती, उरलेली तिनं.

हर्षा वही मिटू लागली, तसा गोदावरीबाईनं तिचा हात धरला. ‘थांब पोरी. आता मी बी चूप, तू बी चूप. त्याइले सांगू दे.’

तिनं चाक हलवलं. खट्. दोघी थांबून राहिल्या. बराच वेळ गेला.

‘आ... आस,’ जागेश्वर म्हणाले. ‘बाप... म्हणे... आस सीधा... तं बंडी सीधी.’

हर्षानं ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली सांगणाऱ्याचं नाव लिहिलं.

मग ते बायकोकडं वळले. तिचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. थोरल्या लेकाच्या, अश्विनच्या नावानंच हाक मारायचे. आठ महिने ती हाकही नव्हती.

‘अश्...’

पुढचं तिला ठाऊक होतं. तिनं पदर तोंडात कोंबला.

‘...विनची... माय.’

‘जी,’ ती म्हणाली.