परब काकांच्या गाडीखालचं ऑइल

चूक माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. परवापर्यंत ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, अगदी बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही.

घाबरू नका, प्रकरण गाडीच्या ऑइलचं आहे. म्हणजे सुरुवात तरी ऑइलनेच झाली.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. घरात माणसं तीन आणि गाडी सात जणांची. ती तेवढी मोठी का घेतली, हे बायको अजून विचारते. त्या गाडीचं इंजिन ऑइल आपण स्वतः, घरच्या घरी बदलावं, असं मला वाटायला लागलं. का? मी विमा कंपनीत फायली तपासतो. पंख्याचा रेग्युलेटर बदलायलाही माणूस बोलावतो. पन्नाशी आली, एकदा तरी आपले हात काळे व्हावेत — एवढंच.

शिवाय शेजारच्या पार्किंगमध्ये परब काका होते. काका बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्त झाले तरी इमारतीतला प्रत्येक बिघडलेला मिक्सर, गळका नळ, रुसलेली स्कूटर आधी त्यांच्याकडेच जायची. त्यांची स्वतःची गाडी छोटी, चौकोनी, माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठी. आदल्याच रविवारी त्यांनी तिचं ऑइल बदललं होतं. ते इतक्या आरामात, गप्पा मारत केलं की मला वाटलं, हे तर मलाही जमेल.

पुढच्या रविवारी त्यांनी मला पाना दिला, जुनं ऑइल धरायला घमेलं दिलं आणि स्टूल टाकून बसले. "इंजिनाखालचा बोल्ट आधी हाताने बसव," ते म्हणाले. "मग पान्याने पाव फेरा. जास्त नको, आटे जातील. कमी नको, ऑइल जाईल."

जुनं ऑइल निघालं, फिल्टर बदलला. तेवढ्यात काकूंनी गॅलरीतून जेवायला हाक मारली. काका उठताना पुन्हा म्हणाले, "पाव फेरा विसरू नको रे." मी बोल्ट हाताने बसवला आणि गाडीखालून बाहेर आलो — फोटो काढायला. कपाळावर ऑइलचा एक पट्टा होता. तो मी मुद्दाम ओढला होता, हेही आत्ताच सांगून टाकतो. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. 'झकास', 'क्या बात है' असं काय काय आलं. मी एकेकाला उत्तर देत बसलो. मग नवं ऑइल ओतलं आणि पट्टी काढून बघितली. इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी एक लांब पट्टी असते, वरच्या खुणेपर्यंत भिजून आली की ठीक. माझी बरोबर खुणेपर्यंत भिजली होती. मी शीळ घालत जेवायला गेलो.

पाव फेरा? तो राहिलाच.

सोमवारी सकाळी मी गाडी बघायला खाली उतरलो. बोल्टातून टप टप चाललं होतं. आमच्या पार्किंगला गटाराकडे उतार आहे, त्यामुळे माझं सगळं ऑइल सरकत सरकत काकांच्या गाडीखाली जाऊन थांबलं होतं. तिथे छान गोल डबकं झालं होतं. मी पटकन बोल्ट घट्ट केला. काकांच्याच पान्याने. डब्यात उरलेलं ऑइल इंजिनात ओतलं, चिंधीने माझ्या बाजूचा ओघळ पुसला. आता वर जाऊन काकांना सांगायचं, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं का? आज मला खात्री नाही.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी ठक्कर दूध घेऊन आले, डबक्यावरून घसरले आणि पिशवीसकट खाली बसले. लागलं काही नाही, पण बसल्या जागेवरून त्यांना समोर काकांची गाडी दिसली.

"काका, आता गाडीला पण रिटायर करा ना," काका खाली आल्यावर ते म्हणाले आणि कपडे बदलायला वर गेले.

राहिलो आम्ही दोघंच. काकांनी आधी डबक्यात बोट बुडवलं. "नवं ऑइल आहे," ते म्हणाले. नवं तर दोघांच्याही गाडीत होतं. मग त्यांनी माझी पट्टी काढून बघितली. भरलेली. "तुझी नाहीच," ते म्हणाले. "माझ्यासमोर केलंस ना तू." मग त्यांनी स्वतःच्या गाडीची पट्टी काढली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. उजेडाला धरली, जवळ आणली, लांब नेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"मला तर भरलेली दिसते. पण ह्या डोळ्याचं हल्ली काही सांगता येत नाही. तू बघ रे, मिलिंद."

मी बघितलं. ऑइल वरच्या खुणेवर होतं. तंतोतंत.

"जरा खालीच आहे, काका," मी म्हणालो.

हा माझा गुन्हा. बोल्ट विसरलो, ते कुणाच्याही हातून होतं. पण हे? ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याने स्वतःचे डोळे माझ्या हवाली केले आणि मी त्यांना खोटं पाडलं. तेही कशासाठी — ग्रुपवरच्या एका फोटोसाठी.

काकांनी मान हलवली आणि गच्च भरलेल्या इंजिनात आणखी ऑइल ओतलं. मी बाटलीचं झाकण धरून उभा होतो.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवायचे आणि सकाळी चष्मा लावून तपासायचे. पुठ्ठा कोराच. "गळती लपतेय," ते म्हणायचे. पाचव्या दिवशी त्यांचा चेहरा मला बघवेना. मग मी — लिहायलाही लाज वाटते — मुलीच्या खोकल्याच्या औषधाचा ड्रॉपर घेतला आणि त्याने पुठ्ठ्यावर ऑइलचे चार थेंब टाकले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. वाटलंही. "सापडली," म्हणत त्यांनी मला घरी नेऊन चहा पाजला. मग दोन दिवस गाडीखाली झोपून इंजिनाचा तळ उघडला, नवं पॅकिंग टाकलं आणि पुन्हा माझ्या शब्दावर विसंबून थोडं जास्तच ऑइल भरलं. गाडी धूर सोडायला लागली. ठक्करांनी ग्रुपवर धुराचा फोटो टाकला. त्याखाली मी हात जोडल्याची खूण टाकली. त्याचा अर्थ काय होता, मला आजही माहीत नाही.

हळूहळू काकांनी गाडी काढणं सोडलं. दर रविवारी काकूंना शेजारी बसवून ते ठाण्याला मासे आणायला जायचे, ते रिक्षाने जायला लागले. मग मिक्सर परत जायला लागले. "माझ्याकडे नको, मला नीट दिसत नाही." पस्तीस वर्षं बसच्या पोटात हात घातलेला माणूस साधा नळाचा वॉशर बघायलाही नाही म्हणायला लागला. मी रोज त्यांच्या शेजारून गाडी काढत होतो. आरशात बघून, सावकाश, कुणाला धक्का लागू नये म्हणून.

मागच्या आठवड्यात ते माझ्या दारात आले. हातात पान्यांची लोखंडी पेटी. "गाडी देऊन टाकतोय. भांडुपचा एकजण रविवारी न्यायला येतोय. पेटी तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे."

बायको म्हणाली, "अय्या, किती छान." पेटी माझ्या पायांशी ठेवून ते जिना उतरून गेले.

ती पेटी तीन दिवस आमच्या हॉलमध्ये होती. माझी मुलगी तिच्यावर पाय ठेवून टीव्ही बघायची. शनिवारी सकाळी मी पेटी उचलली आणि काकांच्या घरी गेलो. काकू मटार सोलत होत्या, काका बातम्या बघत होते. मी पेटी खाली ठेवली आणि बोलायला लागलो: हल्लीची ऑइलं कशी पातळ असतात, आपल्या पार्किंगला उतार किती आहे...

"मेल्या, मुद्द्याचं बोल," काका म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

तेव्हा मी उभ्या उभ्याच बोललो. "काका, त्या सोमवारी तुमची पट्टी वरच्या खुणेवर होती. तुम्हाला दिसलं तेच बरोबर होतं. ऑइल माझ्या गाडीचं होतं, बोल्ट मी घट्ट केला नव्हता. पुठ्ठ्यावरचे थेंबही मीच टाकले होते. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हाताला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो, आणि सव्वा वर्ष तुम्हाला शोधायला लावलं. माझं चुकलं, काका."