आईच्या तीन काचपट्ट्या

आई गेल्यावर तिच्या वस्तू लवकरच मार्गी लागल्या. साड्या मावशीने नात्यातल्या बायकांना दिल्या. चष्मा बाबांनी स्वतःच्या खणात ठेवला. राहिली ती तिच्या आजारपणाची फाइल आणि फाइलसोबतची एक चपटी प्लास्टिकची डबी. डबीत तीन काचपट्ट्या होत्या. आईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचे पातळ काप त्यांच्यावर होते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या म्हणून आम्ही त्या परत आणल्या होत्या. पुढे त्या कुणी मागितल्या नाहीत.

मी विद्यापीठात पेशीविज्ञान आणि शरीररचनाशास्त्र शिकत होते. रोज कुणाकुणाच्या यकृताच्या, त्वचेच्या, मूत्रपिंडाच्या स्लाइड बघायचे, गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये त्यांची चित्रं काढायचे. घरातली डबी मात्र मी वर्षभर उघडली नव्हती.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस होते तेव्हा मावशी कसबा बावड्याहून मदतीला आली. आईची ही थोरली बहीण. कपाट आवरताना डबी तिच्या हाती लागली.

“हे काय गं?”

मी सांगितलं. ती हातातलं फडकं टाकून खालीच बसली.

“म्हंजे तिच्या अंगाचा तुकडा? आन् वरीसभर कपाटात, चादरींच्या खाली?”

“अगदी पातळ काप असतो, मावशी. केसापेक्षाही...”

“जाड असू दे न्हायतर पातळ. रक्षा सोडली त्याच दिवशी हे बी सोडाय पायजे हुतं. शिकलेली माणसं तुमी! मी सांगतो तुला, गेलेल्या माणसाचं असं अडकवून ठिवू नये. श्राद्धाच्या आधी पंचगंगेत सोडून येऊया.”

मी बाबांकडे पाहिलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत राहिले.

मला ती डबी हवी होती. का हवी, ते सांगता येईना, कारण आत काय आहे हे मी स्वतःच पाहिलं नव्हतं. भीती एवढीच होती की आता मला ते वाचता येईल. भिंगाखाली फक्त आजार दिसला, तर आईची शेवटची आठवण म्हणून तोच राहील. मी मावशीकडे दोन दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक संपून सगळे गेल्यावर मी डबीतली एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. छोट्या भिंगातून गुलाबी पट्टे दिसले, जांभळे ठिपके दिसले. मोठं भिंग फिरवलं तर नुसतं धुकं. चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं, धुकंच. मला वाटलं, रंग उडाले. मी उशीर केला.

आमचे प्रयोगशाळेतले मामा कपाटाला कुलूप लावत होते. किती वर्षं ते स्लाइड रंगवत होते कोण जाणे. माझ्या खांद्यामागून त्यांनी एकदा वाकून पाहिलं.

“ताई, नव्या पोरास्नी रोज तुमीच सांगताय, आन् आज सोता? काच पालथी घातलीया की!”

खरंच पालथी होती. काप खालच्या बाजूला गेला होता. पहिल्या आठवड्यातल्या मुलांची चूक. मामांनी काच उलटून ठेवली, आणि “कुणाची हाय?” असं न विचारता हात धुवायला गेले.

आधी आजारच दिसला. पेशींची गर्दी, कशालाच क्रम नाही, केंद्रकं वेडीवाकडी सुजलेली. मी काच हळूहळू कडेकडे नेत गेले आणि गर्दी संपली. तिथे, अगदी काठावर, निरोगी भाग होता. पेशींची लहान लहान कडी, एकमेकांना चिकटून बसलेली, प्रत्येकाच्या मध्ये बारीक पोकळी. दूध तयार होतं ती जागा.

पुस्तकातलं मला सगळं पाठ होतं. आतल्या थरातल्या पेशी दूध तयार करतात. बाहेरच्या थरातल्या त्यांना कवेत धरून असतात, आणि मूल ओढू लागलं की आकसून दूध पुढे ढकलतात. उत्तरपत्रिकेत हे मी दोनदा लिहिलं होतं. पण ते माझ्याबद्दल आहे हे कधी सुचलंच नव्हतं. दूध मीच ओढून प्यायले असं मी समजत होते. पण तिकडून आईचं अंगही, तिला स्वतःलाही न कळता, ते माझ्याकडे ढकलत होतं. इतकी वर्षं झाली, अगदी शेजारी आजार येऊन ठेपला, तरी ती कडी आपापल्या जागी होती. मी किती वेळ पाहत राहिले ते आठवत नाही. एका डोळ्यातून पाणी भिंगावर पडलं, ते पुसायला लागलं.

आमच्या प्राध्यापक बाईंची परवानगी काढून तिसऱ्या दिवशी मी मावशीला विभागात घेऊन गेले. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती.

“माझ्याच पापण्या दिसत्यात की गं!”

“चष्मा काढ. जरा मागे हो.”

मग तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला. मी तिला सांगितलं, कुठे दूध तयार व्हायचं, कुठून पुढे यायचं.

“हितनं?” एरवी तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असं बोलणाऱ्या मावशीने हळूच विचारलं.

“हो.”

“तू लई वरडायचीस,” ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. “धाकटी माझी दमून जायची. पर दूध कमी पडलं न्हाय कधी.”

बराच वेळ बघून झाल्यावर तिने चष्मा घातला, पदराने नाक पुसलं. काचपट्टी तिने स्वतःच्या हाताने डबीत ठेवली. झाकण नीट लागलंय का, ते दोनदा दाबून पाहिलं. रिक्षात बसताना मी विचारलं, “नदीवर कधी जायचं?”

“नदीत कशाला?” ती माझ्यावरच खेकसली. “काच हाय ती. घाटावर कुणाच्या पायात घुसली म्हंजे?”

डबी तिच्या मांडीवर होती. घर येईपर्यंत तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.