ढगाखालची वस्ती

रायपूर नुकतेच नव्या राज्याची राजधानी झाले होते. उपग्रहाच्या चित्रांवरून पुराचे नकाशे करणे हे माझे काम. एकदा ढगांनी झाकलेली नदीकाठची वस्ती मी आदल्या दिवशीच्या चित्रावरून कोरडी दाखवली आणि तिला इशारा गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीची पातळी मोजणारा माणूस चिखलाच्या पायांनी कचेरीत आला. रात्री पाणी शिरू लागल्यावर त्यानेच हाका मारून वस्ती शाळेत हलवली होती. नकाशावर बोट रोवून तो म्हणाला, “ढगाखाली माणसं रायतात, साहेब. जागा कोरी काहून नाही सोडली? कोणी मले विचारलं तरी असतं.”

“नकाशा अपुरा दिसला असता,” मी पुटपुटलो.

“हव, दिसू द्या ना! पानी अजून चढून राह्यलं.”

ढगाखालची आणखी दोन गावे मी तशीच भरली होती. त्यांवर ‘दिसत नाही’ असे लिहून तिथे पाणी कुठवर आले ते विचारायला मी त्याच्यासमोरच फोन उचलला. ते दोन शब्द लिहिण्यात मला कमीपणा वाटे, याची लाज अजून गेलेली नाही.