अंजूचा सिनेमा आणि मागचं दार

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारामागे कोंबलेल्या पिशव्यांसारखं असतं त्यांचं. एक ओढायला जावं आणि चार बाहेर याव्यात! आमच्या रविवारच्या सिनेमा मंडळाचं अगदी तसंच झालंय. मंडळ म्हणजे फार काही नाही. राजाजीनगरात अण्णा आणि अक्का या जोडप्याच्या हॉलमध्ये दुपारी आठ-दहा मराठी माणसं जमतात, प्रोजेक्टर लावतात आणि मिळेल त्या भाषेतला सिनेमा बघतात. मी नोकरीसाठी पुण्याहून या कानडी शहरात आले, मराठी बोलायला माणसं शोधत या घरात शिरले आणि मग दर रविवारी शिरतच राहिले.

अण्णांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी घोड्यावरून इकडे आले, असं अण्णा सांगतात. स्वतः अण्णा बँकेतून रिटायर झाले आणि त्यांना स्कूटरसुद्धा नीट येत नाही, ही गोष्ट अक्का सांगतात. दोघांच्या मराठीत मधूनमधून कन्नड शब्द लागतो, पोह्यांत शेंगदाणा लागावा तसा.

*

मंडळाचे नियम दोनच. सिनेमा संपला की सगळ्यांनी मिळून कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात जायचं आणि कॉफी हातात आल्याशिवाय सिनेमाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि दुसरा नियम, ज्याला सगळ्यात कमी कळलं त्याने आधी बोलायचं!

हा दुसरा नियम अण्णांचा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कळलेला माणूस आधी बोलला की बाकीच्यांना कळल्याचं सोंग करावं लागतं. बँकेच्या मीटिंगांत मी तेच करत होतो."

या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा उठवतो तो निपाणीचा प्रकाश. कॉफी आली रे आली की तो हात वर करतो, "मला कायबी कळालं न्हाई बघा!" आणि मग अर्धा तास कुणाला बोलू देत नाही.

*

आमचा पडदा म्हणजे अक्कांची पांढरी चादर. लग्नाआधी त्यांनी तिच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याने एक बदक भरलं होतं. चादर सरळ टांगली की बदक खाली उजवीकडेच येतं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं आम्ही पाहिलेल्या प्रत्येक सिनेमात एक बदक आहे! युद्ध असो, कोर्ट असो, बदक हजर. सबटायटलची ओळ लांब असली की शेवटचा शब्द नेमका त्याच्या पोटावर जातो.

एकदा एका इराणी सिनेमात बाप मरताना मुलाला काहीतरी सांगतो आणि सांगितलेलं सगळं बदकाच्या पोटात! आम्ही आठही जण पुढे वाकलो. प्रकाश वैतागून म्हणाला, "अक्का, चादर उलटी तरी टांगा की वो!"

अक्का म्हणाल्या, "उलटी टांगली तर बदकाचं डोकं खाली होईल. त्याला त्रास नाही?"

*

आता अण्णांची कुलुपं. दर्शिनीत जायला सगळे गेटपाशी जमतो आणि अण्णांची वाट बघत उभे राहतो. अण्णा आधी गॅस बघतात. मग खिडक्या. मग पुढचं दार ओढून कुलूप लावतात, कुलपाला लोंबकळून बघतात, चार पावलं येतात आणि परत जाऊन पुन्हा लोंबकळतात. शेवटी घराशेजारच्या बोळातून मागे जातात आणि मागच्या दाराला बाहेरून कडी घालून, तिला कुलूप लावून, वर ती हलवून येतात. तोवर आमच्या पोटात कावळे ओरडत असतात.

प्रकाश एकदा म्हणाला, "अण्णा, एवढी कुलपं बघून चोर दमून जाईल की वो!"

"दमू दे," अण्णा म्हणाले. "दमलेला चोर बसतो. बसलेला सापडतो."

*

पण त्या मागच्या दाराचा खरा किस्सा अक्कांनी मला कोथिंबीर निवडताना सांगितला. त्यांचा मुलगा विनय कॉलेजात असताना सेकंड शोला जायचा. अण्णांना ते खपायचं नाही. मग अक्का मागची कडी काढून ठेवायच्या आणि विनय मोटारसायकल कोपऱ्यावर बंद करून, ढकलत आणून बोळातून आत यायचा. अण्णा सकाळी कौतुकाने म्हणायचे, "आमचा विनय बघा, नऊला झोपतो!"

पुढे विनयने लागलेली चांगली नोकरी सोडली आणि म्हैसूरला कॅमेरे भाड्याने द्यायचं दुकान काढायचं ठरवलं. घरात मोठं भांडण झालं. अण्णांनी पुढच्या दाराकडे बोट दाखवलं, "या दारातून पुन्हा आत यायचं नाही!"

विनय बापासारखाच हट्टी. चार वर्षं झाली, तो आला नाही. अण्णांनी बोलावलं नाही. म्हैसूर काय परदेश आहे? सकाळी निघालेला माणूस जेवायला पोचतो. मला हे ऐकून दोघांचाही फार राग आला.

अक्का दर रविवारी सकाळी खिडकीत उभं राहून विनयला फोन करतात. त्याच वेळी अण्णांना खिडकीखालच्या तुळशीला पाणी घालायची आठवण होते. फोन संपेपर्यंत ते पाणी घालत राहतात. अक्का म्हणाल्या, "दोन तुळशी कुजल्या गं पाण्याने. आता तिसरी आहे."

*

अंजू वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्रिशूरकडची मल्याळी मुलगी, कन्नड आमच्यापेक्षा फर्डं बोलते. तिने तिचा पहिला सिनेमा केला. मोठं बॅनर नाही, स्टार नाही, मित्रांनी मिळून उभा केलेला. त्यातला शेवटचा लांबलचक सीन काढून टाक म्हणून तिचा मामा मागे लागला होता. मामाच निर्माता!

अंजू खाली आली आणि म्हणाली, "आंटी, तुमच्या मंडळाला सिनेमा दाखवू? मल्याळम येत नाही अशी माणसं हवी आहेत. मी चादरीच्या बाजूला बसून तुमचे चेहरे बघणार."

"आमच्या चेहऱ्यात काय ठेवलंय? सिनेमा बघ गं," अक्का म्हणाल्या.

"सिनेमा मी खूपदा पाहिलाय. त्या सीनला तुम्ही मोबाईल काढलेत की मामा बरोबर. मग मी तो सीन कापणार."

तिने हे हसत सांगितलं, पण ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवलं, की मोबाईलला हात लावायचा नाही.

*

सिनेमाची गोष्ट एवढीच. केरळातल्या एका गावात एकटी राहणारी म्हातारी कायमची मुलीकडे मस्कतला निघालीय. तिचा घरातला शेवटचा दिवस. कोंबड्या शेजारणीला देते, लोणच्याची बरणी बांधते, कुणाकुणाचा निरोप घेते. आणि मग तो सीन. म्हातारी घर बंद करते. एकेक खोली, एकेक खिडकी. बोलणं नाही, म्युझिक नाही. सबटायटल नसल्यामुळे बदकसुद्धा रिकामं बसलेलं!

खरं सांगते, मी चुळबुळ केली. प्रकाशचा हात खिशाकडे गेला, मोबाईल अर्धा बाहेर आला, त्याने अंजूकडे पाहिलं आणि मोबाईल परत कोंबला. अंजूने ते पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

चादरीवर म्हातारीने पुढच्या दाराला कुलूप लावलं, पिशवी उचलली आणि रिक्षाकडे निघाली. तेवढ्यात अक्का मोठ्याने ओरडल्या, "अगं बाई, मागचं राहिलं!"

सगळा हॉल हसला. अंजू मात्र ताडकन उभी राहिली. "आंटी, काय म्हणालात?"

"मागची कडी. सगळी दारं लावली तिने. मागच्या दाराशी गेली, कडीवर हात ठेवला आणि तशीच परत आली. रिक्षा निघाली ना आता!"

प्रकाशने मागे नेऊन पुन्हा लावलं. खरंच! हात कडीवर जातो, थांबतो, खाली येतो. बाई वळते.

अंजू फरशीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. "त्याच्यासाठीच तर सगळा सिनेमा केला! मामाला दिसलं नाही, एडिटरला सांगावं लागलं." मग डोळे पुसून म्हणाली, "सीन राहणार. मामाला काय सांगायचं ते मी बघते!"

*

त्या दिवशी दर्शिनीत कॉफी गार झाली, पण वाद संपेना. म्हातारीने मागचं दार उघडं का ठेवलं?

प्रकाशने नियमाप्रमाणे आधी हात वर केला, "मला कायबी कळालं न्हाई. पण त्या घरात मांजर हाय. मांजरासाठी!"

मी म्हटलं, तिला जायचंच नसणार. घर उघडं राहिलं हे निमित्त करून ती परत येईल. प्रकाश म्हणाला, "मस्कतहून? कडी लावायला?"

अंजूला विचारलं तर ती खांदे उडवून म्हणाली, "मला तरी कुठे माहीत आहे? माझी आजी असंच करायची. आम्ही विचारलं की म्हणायची, राहिलं असेल."

मी अक्कांना विचारलं. त्या कॉफीच्या पेल्यात बघत म्हणाल्या, "येणारं असेल कुणीतरी."

राहता राहिले अण्णा. त्यांनी पेला खाली ठेवला आणि निकाल दिला, "बेजबाबदार बाई! एवढं घर उघडं टाकून जायचं? स्वल्प तरी विचार नको करायला?"

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत.

*

हा किस्सा पुढच्या रविवारचा. दुपारी मी आणि अंजू स्वयंपाकघरात शिरलो तर अक्का डब्यावर डबे काढून ठेवत होत्या. म्हणाल्या, सकाळी विनयला फोनवर अंजूच्या सिनेमाची गोष्ट सांगितली. कॅमेऱ्यातला माणूस तो, लगेच म्हणाला मला बघायचाय. आज संध्याकाळी येतो म्हणाला.

"मग छानच की!" मी म्हटलं.

"छान काय? मला विचारतो, अम्मा, येतो, पण आत कुठल्या दाराने येऊ? मी काय सांगणार?" अक्कांनी एक डबा उघडला आणि पुन्हा लावला. "गेटपासून परत जाईल गं तो. मला माहीत आहे. मी मागची कडी काढून ठेवीन, पण हे शेवटी जाऊन बाहेरून कुलूप लावतात ना."

"अण्णांना सांगितलं?" अंजूने विचारलं.

"सांगायचं कशाला? तुळशीपाशी होते. आज तर दोन तांबे ओतले."

त्या दुपारी कुठला सिनेमा पाहिला, विचाराल तर मला सांगता येणार नाही. बदक पाहिलं एवढं नक्की.

सिनेमा संपला. गेटपाशी सगळे जमलो. दिवस कलला होता. अण्णांनी गॅस बघितला, खिडक्या बघितल्या. पुढच्या दाराला कुलूप लावलं, लोंबकळले. चार पावलं आले, परत गेले, पुन्हा लोंबकळले. मग नेहमीसारखे बोळाकडे वळले. अक्कांनी माझा दंड धरला. अंजू तिकडे न बघता रस्त्यावरच्या गाड्या बघत होती.

अण्णांना बराच वेळ लागला. काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, पण कडी हलवल्याचा नाही. मग ते हात झटकत बाहेर आले.

प्रकाशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने सवयीने विचारलं, "काय अण्णा, हलवून बघितली कडी?"

अण्णांनी किल्ली खिशात टाकली, चप्पल सारखी केली आणि गेट उघडलं.

"त्या बोळातली पायरी फुटलीय," ते म्हणाले. "अंधारात दिसत नाही. मागचा दिवा लावून आलो."