ख्रिस्ताची मंडळी

ख्रिस्ताचं लग्न झालं होतं की नव्हतं, हा वाद आमच्या सदर भागातल्या ऑफिसात डब्याच्या सुट्टीत निघाला, आणि त्याला कारण कामठीचं एक स्थळ होतं.

स्थळ आमच्या टायपिस्ट बाईंसाठी होतं. त्या ख्रिस्ती, चाळिशीला आलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. मुलगा म्हणजे एक विधुर मास्तर. दोन लहान मुलं होती, माणूस सज्जन होता. रविवारी चर्चमधून आल्यावर भावाला हो किंवा नाही ऐकायचं होतं. बाईंना लग्न करायचंच नव्हतं. आजवर कोणी विषय काढला की त्यांचं एक ठरलेलं उत्तर असे, "प्रभूनं तरी कुठे केलं?" त्यावर भाऊ विषय सोडून द्यायचा. या वेळी तो म्हणाला, "ते प्रभू होते. तू टायपिस्ट आहेस."

हे बाईंनी आम्हाला पोळीचा घास हातात धरून सांगितलं. जेवायला आम्ही चौघं एकत्र असायचो. बाई आणि मी. अकाउंट्समधले एक सहकारी, ज्यांनी लहानपणी आईवडिलांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आणि उमरेडच्या विणकर घरातले आमचे हेडक्लार्क, बडे बाबू. कोणी कोणत्या वारी काय जास्त आणायचं ते मी लावून दिलं होतं, कारण त्याआधी एकदा चौघांच्याही डब्यात वांगी निघाली होती.

"पण नव्हतंच झालं, हे कशावरून?" बडे बाबूंनी विचारलं. "त्या काळी तिशीपर्यंत कोणते मायबाप पोराले मोकळं ठेवत होते?"

प्रश्न असा लोंबकळत ठेवणं मला जमत नाही. मी एक पाठकोरा कागद घेतला, मधे रेघ मारली आणि एकेकाला बोलायला लावलं. झालं असावं, या बाजूला बाबूंचा मुद्दा गेला. हाताला सुतारकाम होतं, म्हणजे मुलगी द्यायला हरकत नव्हती, हा दुसरा मुद्दाही त्यांचाच. नव्हतं, या बाजूला बाई म्हणाल्या, "आईचा उल्लेख आहे, भावांचा आहे. वधस्तंभावरून त्यांनी आईला एका शिष्याच्या हाती सोपवलं. बायको असती तर तिची सोय नसती लावली?"

हा मुद्दा भारी होता. मी तो लिहीत होते तेवढ्यात बाबूंचं लक्ष बाईंच्या टाइपरायटरमागच्या कॅलेंडरकडे गेलं. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, हे तुमच्या चर्चचं कॅलेंडर आहे ना? यात शुभेच्छा कोणाले देल्ल्या? ख्रिस्ताच्या मंडळीले. अन् तुम्ही आमाले सांगून राहिल्या का त्याईचं लग्न नव्हतं झालं."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्या इतक्या हसल्या की ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं. बाबू घरी बायकोला 'आमची मंडळी' म्हणत. मंडळी माहेरी गेली, मंडळीनं आज पाटोडी दिली, असंच त्यांचं बोलणं.

"बाबू, आमच्यात मंडळी म्हणजे चर्चला जमणारे सगळे लोक," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"सगळे?" बाबूंनी टकलावरून हात फिरवला. "एका मंडळीत माझं हे झालं. त्याईचं कठीण आहे."

अकाउंट्सवाले इतका वेळ निवांत जेवत होते. ते म्हणाले, "भगवान बुद्धाचं लग्न झालं होतं, पोरगाही होता. तरी त्याईचं काम अडलं नाही. तुमच्या प्रभूचं नव्हतं झालं, तरी अडलं नाही. मंग तुमाले त्याईची साक्ष काहून लागते, बाई? मले नाही करायचं, एवढं म्हणा ना."

बाईंनी उरलेल्या पोळीची घडी केली, परत उलगडली. "असं कधी म्हटलंच नाही मी," त्या म्हणाल्या. घंटा झाली. कागद मी डब्याखाली ठेवला होता. त्याला तेल लागलं आणि तो टाकून द्यावा लागला.

सोमवारी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. टाइपरायटरवरचं कव्हर काढता काढता म्हणाल्या, "सांगितलं. मला नाही करायचं, म्हटलं."

"प्रभूचं नाव काढलं?" मी विचारलं.

"नाही. दुपारपर्यंत भाऊ बोलला नाही. मग चहा मागितला."

वर्षभरात मास्तरांना दुसरीकडे चांगली बायको मिळाली. त्यांच्या मनात किंतु नव्हता. लग्नाची पत्रिका बाईंना आली आणि कोपऱ्यात हातानं लिहिलं होतं, 'मंडळीसह यावे'. बाईंनी पत्रिका डब्यांच्या मधोमध ठेवली आणि मला म्हणाल्या, "बसचं तेवढं पाहून घे."

कामठीच्या बसमध्ये आम्ही पाच जण होतो, कारण बाबूंसोबत त्यांची मंडळीही आली. उतरताच बाई घाईनं पुढे गेल्या. चर्चच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला बाईंचा भाऊ उभा होता. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण कोणाकडून?"

"आमी बाईंची मंडळी," बाबू म्हणाले.

भाऊ बाजूला झाला आणि पंख्याखालचा बाक दाखवत म्हणाला, "मग पुढे बसा ना."

बाई गाणाऱ्यांमध्ये होत्या. पहिल्या ओळीत, नव्या निळ्या साडीत, इतरांच्या जरा आधी सुरू करत होत्या.